हॅश व्हॅल्यू आणि लाखेचं सील

पत्र:

मॅडम, मी मध्य मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक आहे. १९९६ ला शिपाई म्हणून भरती झालो, खात्यांतर्गत परीक्षा देऊन फौजदार झालो. वय ५१. पंचनामा, जबाब, आरोपीची विचारपूस यात माझा हात कुणी धरणार नाही, हे मी गर्वाने नाही, अनुभवाने सांगतो. पण नवे कायदे आले तेव्हापासून रोज काहीतरी नवीन ॲप, नवीन पोर्टल. आमच्याकडे दोन नवे शिपाई आहेत, दोघेही इंजिनिअर. सगळं तेच करतात, मी सही करतो. गेल्या महिन्यात सेशन्स कोर्टात जबरी चोरीच्या केसमध्ये माझी साक्ष होती. आरोपीच्या वकिलाने विचारलं, "हॅश व्हॅल्यू म्हणजे काय?" मी म्हणालो, "कॉम्प्युटरचा नंबर." कोर्टात हशा झाला. सर्टिफिकेटवर सही माझी होती, टाइप पोराने केलं होतं. त्या दिवसापासून वाटतं, तपासातून बाजूला व्हावं, बंदोबस्ताला किंवा एखाद्या साइड ब्रँचला बदली मागावी. मुलगी म्हणते, साठ हजारांचा सायबरचा कोर्स करा. सात वर्षं राहिलीत. शिकू की बाजूला होऊ? आणि शिकलो तरी सहा महिन्यांत सगळं बदलणार, मग उपयोग काय?

– एक फौजदार, मुंबई

फौजदारसाहेब,

सरकारी वकील म्हणून आणि नंतर बचावाच्या बाजूने, मी सेशन्स कोर्टात तुमच्यासारखे शेकडो साक्षीदार पाहिलेत. त्यामुळे पहिलं हे सांगते, की तो प्रश्न तुमचं वय पाहून आलेला नाही. तो प्रश्न आता जवळजवळ प्रत्येक तपास अधिकाऱ्याला येतो, तिशीतल्या पीएसआयलाही येतो, आणि त्यांतले बरेच जण तुमच्यापेक्षा वाईट उत्तर देतात. वकिलाला तुमचं ज्ञान तपासायचं नव्हतं. त्याला एवढंच दाखवायचं होतं, की ज्या कागदावर या माणसाची सही आहे, तो कागद या माणसाला माहीत नाही. ते त्याने दाखवलं. तुमचा प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि सहीचा जास्त आहे, आणि सहीचा प्रश्न सुटण्यासारखा असतो.

आधी हॅश संपवू. तुमच्यासाठी ही पाच मिनिटांची गोष्ट आहे, कारण निम्मी तुम्हाला येतेच. मुद्देमाल जप्त केला की पुडकं बांधता, दोरा फिरवता, लाख ओतता, शिक्का मारता, पंचांच्या सहीचं लेबल लावता. का? सहा महिन्यांनी कोर्टात ते पुडकं उघडताना सील जसंच्या तसं असेल, तर आत कुणी हात घातला नाही हे सिद्ध होतं. हॅश म्हणजे फाइलचं लाखेचं सील. फाइलमधला सगळा मजकूर एका ठरलेल्या गणिताखाली घातला की अंक आणि अक्षरांची एक ओळ निघते. एसएचए-२५६ पद्धतीने काढली तर ६४ खुणांची, एमडी५ ने काढली तर ३२ खुणांची. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी ती ओळ पार वेगळी निघते. जप्तीच्या दिवशी निघालेली ओळ आणि कोर्टात निघालेली ओळ एकच असेल, तर सील शाबूत.

हे वाचून सोडू नका, करून बघा. त्या दोन इंजिनिअर पोरांपैकी एकाला शेजारी बसवा. साध्या नोटपॅडमध्ये तुमचं नाव लिहून फाइल सेव्ह करा. हॅश काढायला लावा, विंडोजमध्येच तशी सोय असते. ओळ कागदावर लिहून घ्या. मग फाइलचं नुसतं नाव बदला आणि पुन्हा काढा. ओळ तीच येईल, कारण हॅश आतल्या मजकुराची असते, बाहेरच्या नावाची नाही. (हा प्रश्न उलटतपासणीत येतो. उत्तर माहीत असलेला साक्षीदार मी क्वचितच पाहिला.) आता फाइल उघडून नावापुढे एक मोकळी जागा सोडा, सेव्ह करा, परत काढा. सगळी ओळ बदललेली दिसेल. शेवटी एखादा छोटा व्हिडिओ घ्या, त्याची हॅश काढा, तोच व्हिडिओ नेहमीसारखा व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा, उतरवून घ्या आणि पुन्हा काढा. जुळणार नाही. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, म्हणजे मूळ फाइल उरतच नाही. आता आठवा, किती दुकानदारांनी आजवर तुम्हाला "साहेब, फुटेज व्हॉट्सॲप केलंय" म्हटलं असेल आणि तेच गुन्ह्याच्या कागदांत लागलं असेल.

आता तो कागद. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र दोन भागांचं आहे. भाग अ, ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्याचा. दुकानाचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं फुटेज साठवणारं यंत्र, असेल तर दुकानदाराचा किंवा त्याच्या व्यवस्थापकाचा. भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश आणि ती कोणत्या पद्धतीने काढली, हे लिहायचं असतं आणि हॅश रिपोर्ट सोबत जोडायचा असतो. तुमच्या केसमध्ये तुम्ही कोणत्या नात्याने सही केलीत, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही, आणि मला शंका आहे की तुम्हालाही नक्की सांगता येणार नाही. पोराने टाइप केलं, खाली तुमचं नाव होतं, तुम्ही सही ठोकली. दुसऱ्या कुणी लिहिलेला पंचनामा न वाचता तुम्ही कधी सही केली असती का? मग इथे का केलीत? इंग्रजी होतं म्हणून? कॉम्प्युटरचं होतं म्हणून? यापुढे एक नियम करा: ज्या कागदावर सही, त्यातलं प्रत्येक वाक्य समोरच्याला मराठीत सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर सही थांबवायची, मग वरिष्ठ कितीही घाई करोत.

हे प्रमाणपत्र किती महाग पडू शकतं, याचा आपल्याच राज्यातला दाखला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज मुदतीत आला की मुदतीनंतर, यावर वाद झाला. मुदत दुपारी तीनची. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. वारंवार मागूनही त्याचं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी दिलं नाही. प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२० मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निकालात न्यायालयाने सांगितलं: मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागणारच. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं, आता ६३. एक आमदारकी काही मिनिटांच्या चित्रणावर लटकली होती, साहेब. तुमच्या केसमध्ये एखाद्या माणसाचं दहा वर्षांचं आयुष्य लटकलेलं असतं.

मिनिटांचा विषय निघालाच आहे तर डीव्हीआरच्या घड्याळाबद्दल बोलते, कारण तपास इथे जितका फसतो तितका ॲपमध्ये फसत नाही. लालबागच्या गल्लीतला किराणावाला डीव्हीआर बसवतो तेव्हा घड्याळ कोण लावतं? केबल ओढणारा पोऱ्या. त्यानंतर कधी वीज जाते, कधी आतली छोटी बॅटरी बसते, आणि घड्याळ भलत्याच वेळेवर चालत राहतं. तुमच्या फिर्यादीत चोरी ७.३० ची, फुटेजमध्ये आरोपी ७.४१ ला पळतोय. बचावाचा वकील म्हणून मी त्या अकरा मिनिटांवर अर्धा तास काढला असता. म्हणून फुटेज घ्यायच्या आधी डीव्हीआरच्या पडद्याशेजारी तुमचा मोबाइल धरा, दोन्ही वेळा एकाच फोटोत घ्या आणि पंचनाम्यात लिहा: "डीव्हीआरवरील वेळ १९.४२, मोबाइलवरील वेळ १९.३१, डीव्हीआर ११ मिनिटे पुढे." एवढ्या एका वाक्याने माझा अर्धा तास संपला असता. सोबत डीव्हीआरची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, किती कॅमेरे चालू, कोणत्या क्रमांकाच्या कॅमेऱ्याचं फुटेज, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत, कुणी कॉपी केलं, कशावर केलं. यातलं काहीही इंजिनिअरिंगचं नाही. १९९६ मध्ये शिकवलेला पंचनामाच आहे, फक्त वस्तू नवी.

आणि घाई करा. डीव्हीआरची हार्ड डिस्क भरली की तो जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. किती दिवसांत, हे डिस्क किती मोठी आणि कॅमेरे किती, यावर असतं. आठ दिवसांनी गेलात तर दुकानदार चहा पाजेल, फुटेज देणार नाही.

मोबाइल जप्तीचं थोडक्यात सांगते. फोन चालू असेल तर बंद करू नका, बंद असेल तर चालू करू नका. चालू फोन बंद करून परत सुरू केला, की आतला डेटा काढणं कलिनाच्या फॉरेन्सिक लॅबला कितीतरी अवघड होतं. चालू असेल तर एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर बाहेरून कुणी तो पुसू शकतं. आणि कृपा करून पंचांसमोर त्याची गॅलरी चाळत बसू नका. सगळ्यांना मोह होतो. तुम्ही कुठलं ॲप किती वाजता उघडलंत, याच्या खुणा फोनमध्ये राहतात आणि मग त्या खुणा कुणाच्या, हा नवा वाद सुरू होतो. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, १५ आकडी असतो, दोन सिमच्या फोनला दोन असतात. पंचनाम्यात दोन्ही हवेत. एकच लिहिलेले पंचनामे मी ढिगाने पाहिलेत.

आता तुमच्या त्या ॲपकडे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण सक्तीचं केलं, म्हणून ई-साक्ष्य हे ॲप आलं. ठिकाण, वेळ आणि चित्रण करणारा अधिकारी कोण, हे ॲपच नोंदवतं. कुठलं बटण कुठे आहे, ते पोरांना विचारा. तुम्ही कलम वाचा, कारण त्यात एक गोष्ट अशी आहे जी पोरं विसरतात: नुसती वस्तू दिसून भागत नाही. जप्त वस्तूंची यादी तयार होताना आणि पंच त्या यादीवर सही करताना, हेसुद्धा चित्रणात आलं पाहिजे. मी पाहिलेल्या कितीतरी चित्रणांत चाकू छान दिसतो, तिजोरी छान दिसते आणि पंच कुठेच नाहीत. ते बाहेर जिन्यात उभे. पंचाला कुठे उभं करायचं, त्याने काय पाहिलं पाहिजे, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. पोराच्या हातात फोन द्या, पण चित्रण तुम्ही चालवा. सुरुवातीलाच तोंडाने मोठ्याने बोला: तारीख, वेळ, जागा, हजर कोण. चाळीच्या तळमजल्यावर रेंज नसते, वर पावसाचा आवाज. म्हणून बोललेलं ऐकू येतंय का, हे तिथेच तपासून घ्या, पोलीस ठाण्यात परत आल्यावर नाही. आणि हे चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे गेलं पाहिजे, असंही तेच कलम म्हणतं. "अपलोड झालंय बहुतेक" हे उत्तर साक्षीत चालत नाही.

इथपर्यंत मी तुम्हाला शिका म्हणाले. आता ज्या ठिकाणी तुम्ही शिकवायचं, तिथे येते.

तुमच्या त्या दोन शिपायांना सीडीआर, म्हणजे फोन कंपनीकडची कॉलची नोंद, वाचता येतो. तक्ते करतात, रंग भरतात, "साहेब, लोकेशन मॅच झालं" म्हणून धावत येतात. तुम्ही त्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला: मॅच झालं म्हणजे काय झालं? टॉवर सांगतो की हा नंबर त्याच्या टप्प्यात होता. दादरसारख्या ठिकाणी त्या टप्प्यात काहीशे मीटरचा परिसर येतो: स्टेशनचा फलाट येतो, फूल बाजार येतो, चार इमारती येतात, आणि संध्याकाळी सात वाजता त्यात किती हजार माणसं असतील, ते तुम्हीच सांगा. आरोपी तिथेच राहत असेल, तर त्याचं लोकेशन तिथे नसतं तर नवल. दुसरा प्रश्न: सीडीआरमध्ये नंबर आहे, माणूस कुठे आहे? सिम बायकोच्या नावावर, फोन भावाच्या हातात, रिचार्ज नाक्यावरच्या दुकानातून. तो फोन त्या वेळी कुणाच्या कानाला होता, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. ते कळतं शेजारणीच्या जबाबातून, रिचार्जवाल्याच्या आठवणीतून, आरोपीने त्याच दिवशी आईला केलेल्या फोनवरून. हे काढायला तीस वर्षं लोकांशी बोललेला माणूस लागतो. कोर्टात निव्वळ सीडीआरवर उभ्या केलेल्या केसेस पडताना मी पाहिल्यात, आणि काही मी स्वतः पाडल्यात. त्यात यंत्राची चूक एकदाही नव्हती. यंत्राच्या पुढे जाऊन दार ठोठवायला कुणी गेलंच नव्हतं.

म्हणून पोलीस ठाण्यात जोडी लावा. तुम्ही त्यांच्याकडून हॅश, एक्सपोर्ट, पोर्टल शिका, ते तुमच्याकडून जबाब शिकू देत. पोराला विचारायची लाज वाटते, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण "पोराने टाइप केलं" या शब्दांत मला ते दिसलं. विचारा, साहेब. बंद खोलीत विचारा हवं तर. तुमच्या हाताखालच्या पोराने तुम्हाला अडाणी समजणं स्वस्तात पडतं. कोर्टाने समजणं महागात पडलेलंच आहे.

साठ हजारांच्या कोर्सबद्दल: नको. मुलीला माझ्यातर्फे सांगा, भावना पोचली, पैसे तिच्याकडेच राहू दे. असे बहुतेक कोर्स एथिकल हॅकिंग वगैरे शिकवतात. तुम्हाला कुणाचं सर्व्हर फोडायचं नाही. पोलिसांसाठी केंद्र सरकारचं सायट्रेन पोर्टल आहे, त्यावर सायबर तपासाचे धडे फुकट आहेत, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या आयगॉट पोर्टलवरही आहेत. इंग्रजीची अडचण आली तर पोरासोबत बसून बघा. आठवड्यातून एक तास पुरे. बंदोबस्त लागला, गणपती आले, की तोही मिळणार नाही, हे मला माहीत आहे. मग पुढच्या आठवड्यात. सुट्टीच्या दिवशी ट्रेनिंग लावणाऱ्या वरिष्ठांबद्दल मला काय वाटतं, ते या सदरात छापता येणार नाही.

सहा महिन्यांत सगळं बदलतं, हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. ॲप बदलतात, पोर्टलचा रंग बदलतो, पासवर्ड तर रोजच बदलतो. पण बोटांचे ठसे घेऊन ओळख पटवण्याची कचेरी कलकत्त्यात १८९७ मध्ये निघाली, आणि तेव्हा बचावाचा वकील जे विचारत असेल तेच आजही विचारतो: कुठून आणलं, कुणी आणलं, मधल्या काळात कुणाच्या ताब्यात होतं, बदललं नाही कशावरून? नवीन काहीही आलं, की हे चार प्रश्न त्याला लावा. उत्तरं मिळाली की ते तंत्र तुमच्यापुरतं तुम्हाला आलं. आत काय चालतं, ते लॅबवाले बघतील.

सुरुवात कुठून करायची असेल तर मी हरवलेल्या मोबाइलपासून करीन. तुमच्या उमेदीच्या काळात हरवल्याची नोंद डायरीत पडायची आणि तिथेच राहायची. आता केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय टाकला की फोन ब्लॉक होतो, आणि त्यात कुणी नवं सिम घातलं की माग लागतो. २०१९ मध्ये या योजनेची चाचणी महाराष्ट्रापासूनच सुरू झाली होती. काम सोपं आहे, आणि फोन परत मिळालेला माणूस पोलीस ठाण्यातून हसत जातो, जे फार वेळा घडत नाही. हात बसला की फसवणुकीच्या तक्रारींकडे वळा: १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कुणी, किती वाजता केला, पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात कसे गेले. तिथे तासांचा हिशेब असतो. समोर बसलेल्या, पेन्शन गेलेल्या आजोबांना "आधी अर्ज लिहून आणा" म्हणणाऱ्या ठाणे अंमलदाराचा मला मनापासून राग येतो. आधी १९३० लावून द्या, अर्ज मग लिहू दे.

तितकंच महत्त्वाचं, काय करायचं नाही. चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवू नका. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ते स्पष्टपणे बंद केलं आहे. नोटीस कायद्यात सांगितलेल्या रीतीनेच बजावायची. तुम्ही व्हॉट्सॲपवर खऱ्या नोटिसा पाठवू लागलात, तर डिजिटल अरेस्टच्या नावाने खोट्या पाठवणाऱ्यांचं आयतंच फावतं. दुसरं, हल्ली पोरं केस डायरी किंवा रिमांड रिपोर्ट चॅटजीपीटीत टाकून "चांगलं लिहून दे" म्हणतात, असं ऐकते. पीडितेचं नाव, पत्ता, जबाब असा बाहेरच्या कंपनीच्या संगणकावर टाकायचा नाही, अगदी भाषा सुधारायलासुद्धा नाही. शिवाय ही यंत्रं नसलेले निकाल छातीठोकपणे सांगतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एक करआकारणीचा आदेश रद्द केला, कारण त्यात दाखला दिलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. फौजदारी केसमध्ये असं झालं तर आरोपी सुटेल आणि चौकशी तुमची लागेल. आणि कॅमेऱ्याने चेहरा जुळवून नाव काढलं, तर ते खबऱ्याने दिलेलं नाव समजा. खबऱ्याच्या नावावर तुम्ही थेट अटक करत नाही, आधी खात्री करता. इथेही तेच.

राहिली बदली. अर्ज लिहून ठेवला असेल तर ठेवा, देऊ नका. निदान वर्षभर. तुम्ही बाजूला झालात, तर तुमच्या टेबलावरचे गुन्हे त्या दोन पोरांसारख्याच कुणाकडे जातील, आणि पंच कुठे उभे करायचे हे त्यांना सांगायला कुणी नसेल. वर्षभराने अजूनही कोर्टाची पायरी चढताना पोटात गोळा येत असेल, तर खुशाल अर्ज द्या. साइड ब्रँचमध्ये जाणं कमीपणाचं नाही. मात्र एका वकिलाच्या एका प्रश्नामुळे जाऊ नका, असले प्रश्न विचारायचे आम्हाला पैसे मिळतात.

आणि ती केस अजून संपलेली नाही, हे विसरू नका. खटला चालू असेल तर प्रमाणपत्रातली उणीव भरून काढायला वाव असतो. खोतकर निकालातच म्हटलं आहे, की आरोपीवर अन्याय होणार नसेल तर न्यायाधीश प्रमाणपत्र उशिरानेही दाखल करू देऊ शकतात. दुकानदाराचा भाग अ कागदांत आहे का, भाग ब वर सही कुणाची आहे, हॅश रिपोर्ट जोडलाय का, हे तीन कागद काढा. मूळ डीव्हीआर अजून दुकानात असेल तर आजच जाऊन बघा. मग सरकारी वकिलांना भेटा. साक्षीदार पुन्हा बोलावण्यासाठी संहितेच्या कलम ३४८ खाली अर्ज करायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचं. भेटायला कोर्टाच्या दुपारच्या सुट्टीत जाऊ नका, तेव्हा ते जेवत असतात आणि अजून सात जण उभे असतात. तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, फोन करून, पेन ड्राइव्ह आणि डायरी घेऊन जा.